पान एकतीस

मुरबे,
९ नोव्हेंबर २०२४

गोमादादा,

दिपेशचा नमस्कार. दिवाळी नीट पार पडली असेल. ठकीवहिनी कशा आहेत? हेतलचं कॉलेज कसं चाललंय? तुमचा फोन लागत नाही. नंबर बदललात की पाड्यावर रेंज येत नाही ते कळायला मार्ग नाही, म्हणून चार ओळी लिहून आपल्या स्टोअरमधल्या प्रणवकडे देतोय. तो मासवणवरूनच जातो, घरी आणून देईल. सोबत आईने सुके बोंबील बांधलेत. यंदा वलांडीच्या दोरीवर वाळत घातलेले पहिलेच. तुमचं नाव तिनेच काढलं. म्हणाली, "तुजा तो मासवणचा मानूस आताशा येत नाय."

हाताचं कसं आहे? थंडीत ठणकतो असं प्रणव सांगत होता. डॉक्टरांनी चेंडू दाबायचा व्यायाम दिला होता, तो सोडू नका.

इकडे सगळं ठीक. निमेशभाईंनी शेडची मागची भिंत पाडून जागा वाढवली. आता एका वेळी सहा पॅनल उभे राहतात. तुमच्या टेबलावर दोन नवे वायरमन बसतात. दोघं बिहारचे, हात चलाख आहे. वायरी एकदम पन्नास-पन्नास कापून ठेवतात, तुमच्यासारखी एकेक लावून बघत नाहीत.

ड्रॉइंग काढायचं आपलं कॉम्प्युटरवरचं टूल आता बरंच पुढे गेलंय. आठवतं, पूर्वी एका पॅनलची ड्रॉइंग काढायला मला आठ दिवस लागायचे. जुनी फाइल उघडायची, गिऱ्हाइकाचं नाव बदलायचं, मोटरचे आकडे बदलायचे, आणि कुठेतरी जुना वायर नंबर तसाच राहून जायचा. तो तुम्ही खालून जिना चढून येऊन दाखवायचात. मग तुम्हीच एकदा डबा खाताना म्हणालात, "सायेब, सगल्या पॅनलात तेच तेच तर आसतं. एकदाच साचा करा ना." त्यानंतर तीन आठवडे आपण दुपारच्या सुट्टीत जुनी ड्रॉइंग जमिनीवर पसरून एकसारखी वेगळी काढत बसलो होतो. तेवीस साचे निघाले. दोन पंप आळीपाळीने चालतात त्या साच्याला तुम्ही बैलजोडी म्हणालात, आणि फाइलचं नाव आजही बैलजोडीच आहे. नवीन आलेल्या इंजिनियर मुलीला ते सांगितलं तर ती हसली.

आता मोटरची यादी एक्सेलमध्ये भरायची आणि बटण दाबायचं. साठ पानं अर्ध्या तासात. टर्मिनलची यादी, वायरीवर चढवायचे नंबर, टेस्टिंगचा तक्ता, सगळं त्यातूनच निघतं. वापीची दोन माणसं परवा बघायला आली होती.

आणखी एक. उमरोळीला माझ्या मावसभावाचं, नीलेशचं, जळालेल्या मोटरचं वाइंडिंग भरायचं दुकान आहे. त्याला तुमच्याबद्दल बोललो. बसून करायचं काम आहे. आलेली मोटर तपासायची, काय बिघडलंय ते सांगायचं. जड उचलायला त्याची माणसं आहेत. तुम्ही हो म्हणालात तर तो लगेच तयार आहे.

जे झालं ते मनाला लावून घेऊ नका. चूक कोणाच्याही हातून होते. एकोणीस वर्षांत एकदा झाली. तुमच्याबद्दल शेडमध्ये कोणी वाईट बोलत नाही.

हेतलला सांगा, अभ्यास सोडू नकोस. वहिनींना नमस्कार.

तुमचा,
दिपेश


मुरबे,
१९ जानेवारी २०२५

गोमादादा,

तुम्ही सांगून हेतलने लिहिलेलं पत्र प्रणवने दिलं. तिचं अक्षर छान आहे. बोंबील आवडले हे वाचून आईला बरं वाटलं. इकडे गार वारा सुटलाय, खाडीवर सकाळी धुकं असतं. सातपाटीच्या बाजूची बोट दिसत नाही.

हे पत्र मी चार दिवस लिहितोय आणि दर वेळी धुक्यापाशीच थांबतोय.

हेतल, हे तूच वाचून दाखवणार आहेस. पुढचं सगळं वाच. बाबांना वाईट वाटेल म्हणून एकही ओळ गाळू नकोस.

तुमच्या पत्रात दोन गोष्टी होत्या. पहिली, नीलेशच्या दुकानाला तुम्ही नाही म्हणालात. हेतलने तुमचे शब्द तसेच लिहिलेत: "माजा हात चुकतो. माज्या हातानं परत कोनाला कायी झालं तर?" तिने आपल्या मनाने पुढे लिहिलंय की बाजूच्या घरातला पंप बंद पडला तर तुम्ही बघायलाही गेला नाहीत. घरातल्या पंख्याची वायर सुटली, ती पालघरहून माणूस आणून लावली.

दुसरी गोष्ट, तुम्ही त्या ड्रॉइंगची प्रत मागितलीत. पान एकतीसची. तुमची चूक नेमकी कुठे झाली ते तुम्हाला एकदा निवांत बघायचंय.

गोमादादा, पान एकतीस सोबत जोडलंय. पण त्या पानाच्या दोन प्रती आहेत. तुम्हाला चौकशीत दाखवली ती वेगळी होती. आता पाठवतोय ती तुमची, टेबलावरच्या क्लिपमधली. प्रत्येक वायर लावून झाली की तुम्ही हिरव्या पेन्सिलीने बरोबरची खूण करायचात. त्या खुणा तिच्यावर आहेत.

आधीपासून सांगतो.

तारापूरच्या त्या कामात सव्वीस मोटर होत्या. त्यांत तीन मिक्सर, मोठ्या टाक्यांतले. मिक्सरच्या टाकीचं झाकण उघडलं की मोटर चालू होता कामा नये, म्हणून झाकणाला स्विच असतो आणि त्याच्या दोन वायरी पॅनलमध्ये अकरा आणि बारा नंबरच्या टर्मिनलवर येतात. ज्या मोटरला असा स्विच नसतो तिथे अकरा आणि बारा आतल्या आत एका छोट्या वायरीने जोडून टाकतात, लिंक मारतात. हे तुम्हाला मी काय सांगणार. पण हेतल वाचतेय, तिलाही कळायला हवं.

एक्सेलच्या यादीत त्यासाठी एक रकाना होता: झाकणाचा स्विच, हो किंवा नाही. बहुतेक मोटरना तो नसतो. दर ओळीत नाही, नाही लिहायचा मला कंटाळा आला, म्हणून मी टूलमध्ये असं करून ठेवलं होतं की रकाना रिकामा असेल तर ते नाही धरेल. तिसऱ्या मिक्सरच्या ओळीत मी हो लिहायला विसरलो. टूलने नाही धरलं आणि पान एकतीसवर अकरा-बाराच्या मध्ये सरळ रेघ मारली. टेस्टिंगचा तक्ताही त्याच यादीतून निघत होता, म्हणून झाकण उघडून बघा असं त्या तक्त्यातही आलं नाही. तपासणाऱ्याच्या चौकटीत माझं नाव होतं. तेही टूलच घालायचं. मी ते पान उघडूनसुद्धा बघितलं नव्हतं.

तुम्ही बघितलंत. तुम्ही ते पान घेऊन वर आलात. त्या वेळी निमेशभाई आणि दोन पाहुणे माझ्यामागे उभे होते, मी त्यांना टूल दाखवत होतो. तुम्ही दारात थांबून म्हणालात, "सायेब, बाकीच्या दोन मिक्सरला झाकनाचा स्विच हाय. याला नाय कसा? अकरा-बाराला लिंक दाखवलीय."

मी खुर्चीवरून उठलो नाही. म्हणालो, "गोमादादा, हे माणसानं काढलेलं नाही, चुकायला. स्विच दुसऱ्या पानावर असेल कुठेतरी. ड्रॉइंगप्रमाणे करा."

पाहुणे हसले. मीही हसलो. तुम्ही पान घडी करून खाली गेलात.

२०२३च्या ऑगस्टमध्ये तुम्हाला साइटवर पाठवलं. टाकीतल्या सेन्सरची केबल अडकली होती म्हणून तुम्ही झाकण उघडून आत उजवा हात घातलात. पॅनल भिंतीच्या पलीकडे होतं, तिथल्या माणसाला तुम्ही दिसत नव्हता. झाकण उघडं असलं की मोटर सुरूच होत नाही, यावर त्याचा भरवसा, आणि स्विच दुसऱ्या पानावर आहे यावर तुमचा. तो भरवसा मी दिला होता. त्याने बटण दाबलं, पातं अर्धा फेरा फिरलं. तीन बोटं गेली.

आता जे सांगतोय ते मी आईलाही गेल्या आठवड्यापर्यंत सांगितलं नव्हतं.

फोन आला तेव्हा मी शेडमध्येच होतो. सगळे गाडी काढायला धावले. मी म्हणालो, तुम्ही व्हा पुढे, मी कागद घेऊन येतो. आणि मी कॉम्प्युटरसमोर बसलो. यादी उघडली. तो रिकामा रकाना दिसला. त्यात हो लिहिलं आणि बटण दाबलं. पान एकतीस नवीन आलं, अकरा-बाराच्या मध्ये स्विच काढलेलं, अगदी बरोबर. तारीखही टूलच टाकतं. आपण सांगू ती तारीख टाकतं. मी मूळ ड्रॉइंगची, एप्रिलची टाकली. सगळं मिळून एक मिनिटही लागलं नाही. मग खाली जाऊन तुमच्या क्लिपमधलं जुनं पान काढलं आणि तिथे नवीन लावलं. मग हॉस्पिटलला आलो. आधी फाइल, मग कागद, मग तुम्ही.

चौकशीत पॅनल उघडलं तेव्हा आत लिंक होती आणि कागदावर नव्हती. वायरमनची चूक, असं ठरायला वेळ लागला नाही. तुम्ही म्हणालात की कागदावर लिंक होती. त्यांनी ते पान तुमच्यासमोर ठेवलं. तुम्ही ते डाव्या हाताने उचललंत आणि खिडकीपाशी उजेडात नेऊन बघितलंत. तुमच्या खुणा त्यावर नव्हत्या, पण तेव्हा तेवढं बघण्याच्या स्थितीत तुम्ही नव्हता. मग तुम्ही माझ्याकडे बघितलंत. संशयाने नाही. मी काहीतरी आठवण करून देईन अशा आशेने बघितलंत. आणि म्हणालात, "मंग माजेच डोले फिरले आसतील. कागद तर बरोबर हाय."

मी म्हणालो, "होतं असं कधी कधी."

एवढंच बोललो. तुमची बोटं गेली ती माझ्या विसरण्याने, ते एक वेळ मला स्वतःला सांगता आलं असतं. पण तुमचा तुमच्या डोळ्यांवरचा विश्वास मी काढून घेतला तो जाणूनबुजून. मागच्या पत्रात मी लिहिलं, चूक कोणाच्याही हातून होते. ते वाक्य मी तीनदा खोडून पुन्हा लिहिलं होतं. त्याहून नीच काही मी आजवर लिहिलेलं नाही.

तुमचं जुनं पान मी फाडलं नाही. का, ते मलाही नीट कळलेलं नाही. घरच्या होडीच्या कागदांच्या पिशवीत ठेवलं होतं. दोनदा जाळायला घेतलं. दोनदा मासवणलाही आलो. एकदा पुलापर्यंत, एकदा तुमच्या घराच्या वळणापर्यंत. तुम्ही डाव्या हाताने हंडा घेऊन चालला होता. मी गाडी वळवली.

हेतलचं पत्र आईला वाचून दाखवलं आणि सगळं सांगितलं. ती मासळी निवडत होती. हात थांबवले नाहीत तिने. निवडता निवडताच म्हणाली, "त्या मानसानं तुज्या घरचं मीठ खाल्लं आनि तू त्याला येडा ठरवलास." त्यानंतर आजपर्यंत ती माझ्याशी कामापुरतंच बोलते.

गुरुवारी निमेशभाईंना सांगितलं. ते आधी ऐकत होते, मग उठून केबिनचं दार लावलं. म्हणाले, दीड वर्षाने हे उकरून कोणाची बोटं परत येणार आहेत, आणि शेडमध्ये तीस माणसं आहेत त्यांचा विचार कर. त्यांचंही खोटं नाही. पण मी लेखी दिलं. एक प्रत त्यांना, एक तारापूरच्या त्या कारखान्याला, एक पालघरला कारखाने तपासणाऱ्या साहेबांच्या कार्यालयात, तिथे पोच घेतली आहे. राजीनामाही दिला. निघण्याआधी टूल दुरुस्त करून आलो. आता रकाना रिकामा असेल तर ते पान काढतच नाही, थांबतं आणि विचारतं. त्यासाठी फक्त दोन ओळी लिहाव्या लागल्या, गोमादादा. पहिल्या दिवशीच लिहिता आल्या असत्या.

कार्यालयातून तुम्हाला बोलावणं येईल. हे मूळ पान घेऊन जा. मी तिथे असेन आणि जे इथे लिहिलंय तेच सांगेन.

माफी मागायला हा कागद पुरणार नाही, आणि मागितली तर ती देण्याचं ओझंही तुमच्यावरच येईल. म्हणून मागत नाही. ते पान मात्र उजेडात घेऊन बघा. तुमच्या खुणा बघा. कागदावर लिंक होती. तुम्ही ती पाहिली होती, ओळखली होती, आणि विचारली होती.

दिपेश


मुरबे,
२२ मार्च २०२५

गोमादादा,

परवा पालघरला तुम्हाला पाहिलं. वहिनी आणि हेतलही होत्या. आपलं बोलणं झालं नाही, म्हणून हे लिहितोय. याचं उत्तर द्यायचं नाही. हे तुम्हाला त्रास द्यायलाही लिहीत नाही. त्या खोलीत जे झालं ते मी बघितलं, एवढं तुम्हाला कळावं.

साहेबांनी माझा जबाब वाचून दाखवला. दोन्ही पानं शेजारी ठेवून तारखा आणि तुमच्या हिरव्या खुणा बघितल्या. मग तुमच्यावरचा ठपका काढत असल्याचं सांगितलं, आणि माझ्यावर व कंपनीवर पुढची कारवाई स्वतंत्र होईल असंही. निमेशभाईंच्या वकिलांनी ते लिहून घेतलं. साहेबांनी तुम्हाला विचारलं, तुम्हाला आणखी काही म्हणायचंय का.

मला वाटलं, आता तुम्ही माझ्याबद्दल बोलाल. मी तयार होऊन बसलो होतो.

तुम्ही पान एकतीसवर हात ठेवलात. उजवा. आणि म्हणालात, "माला कायी नको. येवडंच लिवा, का मी इचारलं व्हतं."

साहेब म्हणाले, जबाबात ते आलंय, वायरमनने शंका उपस्थित केली होती असं आहे, अर्थ तोच.

तुम्ही म्हणालात, "अर्थ नको. मी बोललो तसंच लिवा."

त्यांनी कारकुनाला सांगितलं. कारकुनाने लिहिलं. तुम्ही हेतलला ते वाचायला लावलंत, एकदा नाही, दोनदा. वहिनी डोळ्यांना पदर लावून भिंतीकडे बघत होत्या. मग तुम्ही डाव्या हाताने सही केलीत. बराच वेळ लागला. खोलीत कोणी घाई केली नाही. मी एकोणीस वर्षांत... नाही, तुमची एकोणीस, माझी अकरा. अकरा वर्षांत तुम्हाला कधी अंगठा लावताना पाहिलं नाही, आणि परवाही तुम्ही तो लावू दिला नाहीत.

बाहेर व्हरांड्यात मी बाकावरून उठलो. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, रस्ता दिलेल्या कोणाही माणसाकडे बघावं तसं. आणि पुढे गेलात. मनोरची बस लागली होती. हेतलने मागे वळून बघितलं, तुम्ही नाही. मला ते बरोबर वाटलं. तुम्ही थांबला असतात, चांगलं बोलला असतात, तर मी घरी येऊन बरा झोपलो असतो. तेवढं सुख मला मिळू नये हेच योग्य.

सध्या मी नीलेशच्या दुकानात बसतो. पुढचं कारवाईवर आहे. आई हळूहळू बोलायला लागली आहे. काल तिने सगळं पुन्हा विचारलं, तुम्ही काय म्हणालात, साहेब काय म्हणाले. मी सांगितलं. ती म्हणाली, "तेवडंच मागितलं त्यानं?" मी हो म्हणालो.

पण तेवढंच नव्हतं ते. आधी मला वाटायचं, मी तुमच्याकडून बोटं घेतली, काम घेतलं. त्या खोलीत कळलं की खरं काय घेतलं होतं, कारण तुम्ही बाकी सगळं सोडून नेमकं तेवढंच परत मागितलंत.

सरकारी कागदावर ते वाक्य आता तुमच्या नावापुढे आहे. माझ्या नावापुढे काय लिहायचं ते कार्यालय ठरवेल तेव्हा ठरवेल. मी माझ्यापुरतं आजच लिहून सही करतो.

गोमा धोडी यांनी विचारलं होतं. मी ऐकलं नाही.

दिपेश वामन तामोरे